निळ्या गेटातले जावई

माझी पहिली कथा कुठेही छापून आली नाही. ती पाहुण्यांच्या गाडीत बसून थेट तलवाड्याला गेली.

झालं असं, की मी कथालेखनाच्या शिबिराला जाऊन आलो होतो. तिथल्या सरांनी सांगितलं, "विषय शोधायला लांब जाऊ नका. घरातलं माणूस घ्या, नाव बदला, तपशील खरे ठेवा आणि मग मनाला येईल ते घडवा. सराव म्हणून गोष्ट आधी अनोळखी माणसाला सांगून बघा. त्यानं 'मग?' विचारलं, की जमली!" (तो अनोळखी माणूस गावात कशाला आलाय तेवढं विचारून घ्या, हे सांगायचं मात्र सर विसरले.)

मी युसूफ वडगाव या गावचा. घर थोरल्या भावाचं, शेत थोरल्या भावाचं, कल्पनाशक्ती तेवढी माझी. दादाच्या थोरल्या दोन मुलींची लग्नं झालेली. धाकट्या सारिकाला बघायला तलवाड्याचं स्थळ रविवारी येणार होतं. फोटोतला पोरगा तिला इतका आवडला होता, की ती चक्क माझ्याशीही गोड बोलत होती.

"काका, रविवारी तुमी फक्त गप बसा," एवढंच तिचं मागणं.

रविवारी गप बसायचं, म्हणून मी शुक्रवारीच बोलून घ्यायचं ठरवलं आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो (आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात). समोर दोन अनोळखी माणसं येऊन टेकली. एक पांढऱ्या मिशांचे, दुसरे बारीक, सारखी मान हलवणारे.

"आमी कापसाचे व्यापारी," मिशावाले म्हणाले. "गाव कसं हाय तुमचं?"

आता आमच्या भागात मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडची माणसं गुपचूप गावात येतात, चहा पितात आणि घराण्याची चौकशी करून जातात. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मला त्या क्षणी समोर चौकशीवाले दिसलेच नाहीत. मला दिसले वाचक!

"गाव लई चांगलं हाय," मी सुरुवात केली, "ते निळ्या गेटाचं घर सोडून."

"कावून?"

"तिथं जावई गेला, की परत येत न्हाई!"

"मग?"

अहाहा! इतक्या लवकर 'मग'! मी खुर्ची पुढे ओढली. दादाचं नाव बदललं, बाकी तपशील खरे ठेवले. दारातला कडुलिंब, लाल ट्रॅक्टर, एक शिंग मोडलेली म्हैस, सगळं आलं.

"पहिल्या दिवशी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी पहाटं सासरा जावयाच्या हातातला मोबाईल काढून घेतो आन् खुरपं देतो! थोरला जावई शेण काढायलाय, मधला कापूस येचायलाय."

"पळून जात न्हाईत?"

"सासू गेटाला कुलूप लावती की! आता तिसरा शोधायलेत!"

बारीक माणसाची मान हलायची थांबली. जाताना माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले. साहित्यावर मिळालेली ती माझी पहिली कमाई.

रविवारी वहिनींनी निळं गेट घासूनपुसून लख्ख केलं आणि त्याच गेटातून पांढऱ्या मिशा आत आल्या. पाठोपाठ बारीक माणूस आणि मोबाईलमध्ये बघत चालणारा नवरदेव! मी तोंडाला रुमाल गुंडाळला.

"दादा, माझा दात दुखायलाय."

"दातानं पाणी द्यायचंय का बे? घे तो ट्रे!"

मी खाली मान घालून ट्रे पुढे केला. बारीक माणसानं वाकून रुमालाखाली बघितलं.

"ह्येच ते!"

मिशावाले निघाले मुलाचे वडील. त्यांनी माझी गोष्ट दादाला सांगितली. एक शब्द गाळला नाही, मोडक्या शिंगासकट! असा वाचक मिळायला भाग्य लागतं, पण मला आनंद घेता येईना. दादा लालबुंद झाला. दाराआड सारिकाचे डोळे भरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाव्हणं, खोटं हाय सगळं," दादा कसाबसा म्हणाला. "जावयांला आमी कामाला हातसुदा लावू देत न्हाई!"

मिशावाल्यांचा चेहराच पडला.

"लावू देत न्हाई? मंग आमी आलो कशाला? आमचं पोरगं दुपारपस्तोर उठत न्हाई, जेवताना मोबाईल सोडत न्हाई. तुमची तऱ्हा ऐकून त्याच्या मायनं तर मारुतीला नारळ फोडला!"

दादानं जन्मात कधी थाप मारली नव्हती. त्यानं एकदा सारिकाकडे बघितलं आणि म्हणाला, "लावतो की! पहाटंच उठवतो! खुरपं नवं आणलंय!"

नवरदेवानं मोबाईल खिशात घातला. सारिका हसली. सुपारी फुटली.

निघताना मिशावाल्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"गावात अजून दोघा-तिघांला इचारलं आमी. ते म्हणले, त्या घरात एक रिकामटेकडा भाऊ हाय, दिवसभर हॉटेलात बसून थापा मारतो. तेबी ह्यानंच रचलंय का?"

"न्हाई, न्हाई," दादा, वहिनी आणि सारिका एका सुरात म्हणाले, "तेवढं खरं हाय!"