हिच्या डोळ्याची पट्टी आणि गाडीचा फिल्टर

बसा, चहा घ्या आणि ऐका. मी हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. आणि एक आधीच सांगून ठेवतो, यात दुसऱ्या कुणाचीही चूक नाही. जो काही मूर्खपणा झाला तो माझ्या एकट्याचा!

सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडीत तेलाचा लाल दिवा लागत होता, म्हणून तिला रिक्षानं घरी आणलं. प्रत्येक खड्ड्याला तिनं माझा हात घट्ट धरला. मला फार वाईट वाटलं हो. मी ठरवलं, उद्या चार वाजता पट्टी काढायला हिला आपल्याच गाडीतून न्यायचं. तेल सकाळी मीच बदलणार!

"अहो, गॅरेजला द्या ना," सुमन म्हणाली.

"गॅरेजला? मी चाळीस वर्षं नळजोडणी केली. निम्म्या बिबवेवाडीचं पाणी माझ्या हातून गेलंय. एक डबा फिरवायला गॅरेज कशाला?"

तर सकाळी नऊला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि गाडीखाली शिरलो. खालचा बोल्ट काढला, जुनं तेल टबात सोडलं. झालं, आता फिल्टर. पत्र्याचा छोटा डबा असतो, हातानं फिरवला की सुटतो.

हातानं फिरवला. सुटला नाही.

फडकं धरून फिरवला. पॉलिश पेपर धरून फिरवला. मी फिरलो, डबा नाही फिरला!

अकरा वाजता शेजारचे लेले खाली आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. वाकून बघितलं आणि म्हणाले, "शिंदे, आपण गाडीखालीच राहणार असाल तर सोसायटीला रीतसर अर्ज द्यावा लागेल."

"फिल्टर निघत नाही हो. त्या गॅरेजवाल्या दत्तानं मागच्या वर्षी बसवला. राक्षसासारखा आवळलाय!"

लेल्यांनी कंबरेचा पट्टा काढून दिला. तो डब्याभोवती आवळायचा आणि ओढायचा. मी जीव खाऊन ओढला. लेले एका हातानं पँट धरून उभे. फाट्कन आवाज झाला. तुम्हाला वाटलं फिल्टर सुटला? पट्टा तुटला!

"माफ करा लेले."

"छे, छे. सासऱ्यांनी दिलेला होता. टिकेल अशी वस्तू त्यांनी मला कधी दिलीच नाही."

एव्हाना सुमन खाली खुर्ची टाकून बसली होती. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीपासूनच धूसर दिसतं. ती आवाजाच्या दिशेनं म्हणाली, "अहो, राहू द्या. मी येईन रिक्षानं."

आता तुम्हीच सांगा, हे ऐकल्यावर माणूस मागे हटेल का? मी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, हातोडीनं फिल्टरच्या आरपार ठोकला आणि दांड्यासारखा फिरवला. पत्रा टराटरा फाटला. उरलंसुरलं काळंकुट्ट तेल तोंडावर आलं. फिल्टर जागेवरच!

मग मात्र माझा पारा चढला. आयुष्यात मी कुणाशी मोठ्यानं बोललो नाही, पण त्या दिवशी दोन वाजता थेट दत्ताच्या गॅरेजात गेलो.

"फिल्टर कसा आवळायचा याची अक्कल नाही तुला?"

"काका, आपण फिल्टरला पाना लावतच नाही. हातानं बसवतो."

"मग काय भुतानं आवळला?"

पोरगं गरीब स्वभावाचं. हातातलं काम टाकून छिन्नी घेऊन माझ्यामागं आलं. लेले थांबलेलेच होते. मी सगळ्यांसमोर सुनावलं, "बघू या आता कुणाचा हात आहे!"

दत्ता खाली शिरला. अर्धा तास ठाकठूक. मग फिल्टरचा चोथा हातात घेऊन बाहेर आला. आट्यांकडे बघितलं. नखानं काहीतरी उकरलं.

"काका, हा दोरा कसला?"

पांढऱ्या सफेद्यात भिजवून आट्यांवर गुंडाळलेला दोरा. इंजिनाच्या उष्णतेनं भाजून पार दगड झालेला.

आणि मला आठवलं! मागच्या वर्षी दत्ताकडून आणल्यावर गाडीखाली तेलाचे दोन थेंब दिसले होते. गळती बघून मी कधी गप्प बसलोय का? मीच फिल्टर काढला, नळाला गुंडाळतात तसा सफेदा लावून दोरा गुंडाळला आणि पुन्हा बसवला. वर मोठ्या पान्यानं आवळलासुद्धा! नंतर साफ विसरून गेलो.

"इथं रबराचा वायसर असतो काका," दत्ता हळूच म्हणाला. "दोरा नळाला."

लेले म्हणाले, "आता एक तोटी बसवून घ्या शिंदे. तेल लागेल तेवढंच घेता येईल."

मी दत्ताची हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, पण आटे साफ करायला दोन तास जातील." घड्याळात साडेतीन वाजले होते! धावत वर गेलो, हात धुतले, शर्ट बदलला. लेल्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पण काही बोलले नाहीत. लेले गप्प बसले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेवटी रिक्षाच. या वेळी प्रत्येक खड्ड्याला मीच तिचा हात धरला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पट्टी काढली. "आजी, काय काय दिसतंय?"

"भिंतीवरची अक्षरं दिसतात. पंख्यावरची धूळ दिसते." मग सुमन माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. "बाई, सगळं लख्ख दिसतंय हो. फक्त आमचे हे तेवढे काळे दिसतात. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला कापूस आणायला सांगितलं.

त्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघंही पेशंट झालो. हिला तपासायला पाच मिनिटं लागली. मला पुसायला पाऊण तास!