नळीला ड्युटी नाही

भिवंडीत माणूस आयसीयूत गेला की नातेवाईक आधी नळ्या बघतात. नळ्या जितक्या जास्त, तितका इलाज जोरात, अशी इथली समजूत. शेलार गावची नर्स मेघाली हिचं मत नेमकं उलटं. रोज राउंडला ती एकेका नळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारायची, "हिला आज ड्युटी आहे का?" नसेल तर नळीची रवानगी. बिनकामाची नळी जंतूंना आत जायला रस्ता करून देते, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की समजावताना आता तिचा आवाजही चढत नसे.

पूर्णा गावच्या सीताबाई न्यूमोनियातून सावरत होत्या. श्वासाचं मशीन सुटलं होतं, लघवीची नळी तेवढी उरली होती. तिच्यापायी एकदा ताप येऊन गेलेला. दुसरा ताप त्या वयाला झेपला नसता. डॉक्टर म्हणाले, आजच काढा.

मुलगा भावेश आडवा आला. भाताच्या शेतात आता त्याची गोदामं उभी होती, आणि असलेली वस्तू काढून टाकणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. शेजारच्या खाटेला चार नळ्या, मग आमच्याच आईची का काढता, असं त्याचं म्हणणं. खर्चाची काळजी करू नका, हेही सांगून झालं.

"आणि लघवी अडली तर?" त्यानं विचारलं.

"तर परत घालू. पण अडणार नाही," मेघाली म्हणाली. यातलं दुसरं वाक्य डॉक्टरांचं नव्हतं. आता ते खरं करून दाखवणं आलं.

नळी निघाली. दुपार उलटली तरी काही होईना. भेटीची वेळ हा प्रकार गोदामवाल्यांना लागू नसल्यानं भावेश सारखा पडद्यातून डोकावून विचारायचा, झाली का? मेघालीनं ओटीपोटावर हात ठेवून पाहिला. भरलं होतं. आणखी थोडा वेळ, नाहीतर नळी परत.

शेवटी सीताबाईच बोलल्या. "मी काय तुजा गोडाऊन हाय, सारका येऊन बगतंस तो? भायेर जा."

मेघालीला अडचण कळली. तिनं भावेशला दाराबाहेर काढलं, पडदा घट्ट ओढला, सीताबाईंना टेकवून बसवलं, खाली भांडं सरकवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. जरा वेळानं भांडं वाजलं. चांगलं भरपूर वाजलं.

बाहेर भावेशला कळलं, तसा त्यानं घरी फोन लावला. "आईने केली," तो सांगत होता. "न्हाय, नळी न्हाय. सोताहून."