बसून घेतलेलं माप

भामरेमावशींच्या दुकानात लेदरचं जॅकेट घेऊन आलेल्या माणसाला आधी गाडीवर बसावं लागे. गाडी म्हणजे लाकडी घोड्यावर ठोकलेली मोटरसायकलची जुनी सीट आणि समोर भिंतीत स्क्रूने बसवलेलं हँडल. सातपूरच्या कंपन्यांतली दणकट माणसं त्यावर बसायला लाजत. मावशी गळ्यात टेप टाकून शांतपणे सांगत, "उभ्यानं घेतलेलं माप फोटोपुरतं. हँडल धरलं की पाठ ओढते नि मनगटं उघडी पडतात. बसा." मग तो बसे, हात पुढे करी आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर घाटात निघाल्यासारखं हसू येई.

मावशी मूळच्या सटाण्याकडच्या. आता त्या तिकडेच लेकाकडे असतात. इतकी वर्षं नाशकात काढूनही खूश झाल्या की त्यांच्या 'आहे'चं 'शे' होई. नवरा गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा; त्याच्याच जाड मशीनवर त्या चामडं शिवायला शिकल्या. चामडं उसवलं तरी सुईची भोकं बुजत नाहीत, म्हणून त्या आधी जुन्या चादरीचं जॅकेट टाचून बघत. एकदा एक तरुण फार घाई करू लागला, तेव्हा त्याला फुलाफुलांच्या चादरीचं जॅकेट चढवून त्यांनी समोरच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं. परत आला तोवर कोपर कुठे अडतं ते त्यालाही कळलं होतं आणि टपरीवाल्यालाही.

मी इंदिरानगरात राहते. माझं काळं जॅकेट माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, हौसेनं घेऊन दिलेलं. रविवारी सकाळी आम्ही मोटरसायकलवर त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागायचो. कधी दर्शन व्हायचं, कधी नुसतंच फिरून यायचो. मग मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली. उपचार संपल्यावर एकदा मी जॅकेट घालून पाहिलं, तर डावीकडे खड्डा पडला होता. कुणाला तरी देऊन टाक, असं मी श्रीकांतला सांगितलं. त्यानं ते दिलं नाही. एके दिवशी जॅकेट आणि मला दोघांनाही तो मावशींकडे घेऊन आला आणि स्वतः बाहेर थांबला.

मावशींनी मला गाडीवर बसवलं. मी डावा खांदा चोरून बसले होते. थोडं इकडचं तिकडचं बोलून शेवटी भिंतीकडे बघत खरं काय ते सांगितलं. त्या हळहळल्या नाहीत. तळव्यानं चामडं दाबून पाहिलं आणि बाही किती ठेवू असं विचारावं तसं विचारलं, "भरू, की आत घेऊ?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं, अस्तरात मऊ गादी शिवली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतील. नाहीतर चामडंच आत घ्यायचं, म्हणजे तुम्ही आहात तसं जॅकेट. इतक्या महिन्यांत सगळे मला सांगतच आले होते. विचारलं कुणी नव्हतं.

"आत घ्या," मी म्हणाले.

"मग ताठ बसा. नाहीतर कुबडाचं माप येईल."

मी हसले. कितीतरी दिवसांनी पाठ सरळ झाली.

पुढच्या आठवड्यात जॅकेट अंगात घातलं, तर ते कुठेही लोंबत नव्हतं. मावशी माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "चांगलं शे." त्या रविवारी आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो. वाऱ्यानं काहीही फडफडलं नाही. परत येताना गाडी मी चालवली. मागे बसून श्रीकांत इतका मोठ्यानं गात होता की शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून साथ दिली.

पुढच्या हिवाळ्यात जॅकेट घट्ट झालं. भूक परत आली होती, अंग भरलं होतं. आता हे जॅकेट गेलं, असं समजूनच मी मावशींकडे गेले. त्यांनी अस्तर उसवलं. आत शिवणीला चांगलं दोन बोटं चामडं दुमडून ठेवलेलं होतं. शिवणही अशी काखेखाली नेलेली, की सैल केल्यावर जुनी भोकं दिसू नयेत. जास्तीचं कापून का टाकलं नाहीत, असं मी विचारलं.

"तेव्हा तुमची नुसती हाडं होती," मावशी दोरा ओवत म्हणाल्या. "ती काय कायम तशी राहणार होती?"

त्यांनी शिवण सैल केली, उरलेलं चामडं बोटानं चाचपलं आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"ताई, अजून बोटभर शिल्लक शे. जेवत जा पोटभर."