नेमका शब्द विचारणारे आवळेसाहेब

रेव्हरंड शमुवेल आवळे यांची आणि माझी पहिली ओळख ईमेलवर झाली आणि ती पूर्णपणे इंग्रजीत झाली. कॅनडात टोरांटोजवळच्या मिल्टन आणि आसपासच्या आम्हा नागपूरकर मंडळींना आंबेडकर जयंतीसाठी हॉल हवा होता. व्हिटबीच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चचे बेसमेंट मोठे आहे, पार्किंगही भरपूर आहे, असे कोणीतरी सांगितले म्हणून मी त्या चर्चला लिहिले. उत्तराखाली पाळकांचे नाव ‘सॅम’ असे होते. पुढचे रोमन लिपीतले आडनाव मी ‘अवेल’ असे वाचले आणि हे गृहस्थ मूळचे फ्रेंच असावेत, असे ठरवून टाकले. घरीही वैशालीला, म्हणजे माझ्या पत्नीला, हे मिस्टर अवेल फार सभ्य दिसतात, असे सांगितले.

जयंतीच्या आदल्या दिवशी मी किल्ली घ्यायला गेलो. बेसमेंटमध्ये एक वयस्कर गृहस्थ फरशी पुसत होते. मी शक्य तितक्या चांगल्या इंग्रजीत, मला रेव्हरंड अवेल यांना भेटायचे आहे, असे म्हणालो.

“बूट तिथंच काढा हो,” ते मराठीत म्हणाले. “फरशी आत्ताच पुसलीय.”

मी दारातच थांबलो. ते पुसण्याची काठी भिंतीला टेकवून पुढे आले. “आवळे. मिरजेचे. व्हॉइसमेलवर तुम्ही अवेल म्हणालात. म्हटलं, म्हणू दे, भेटल्यावर बघू.”

मग आम्ही दोघांनी मिळून खुर्च्या मांडल्या. एका पाळकाने आमच्या जयंतीसाठी हॉल का द्यावा, हा प्रश्न त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या एक-दोघांनीही त्यांना विचारला होता, हे मला नंतर कळले. खोली रिकामी आहे आणि माणसांना जमायचे आहे, एवढेच उत्तर त्यांनी दिले होते.

आवळेसाहेब आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासावर आणि प्रवचनांवर जाणकार लिहितीलच. माझा तो अधिकार नाही. मी इंजिनिअर आहे. वॉनमधल्या गोदामांत माल हलवणाऱ्या पट्ट्यांची यंत्रणा बसवतो. धर्माने बौद्ध आहे. पाळकाचे काम म्हणजे काय, हे मला मुळीच माहीत नव्हते. त्यामुळे मी त्यांना सतत प्रश्न विचारत आलो आणि त्यांनी ते कधीही टाळले नाहीत.

त्यांचे वडील मिरजेला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तरुणपणी शिक्षणासाठी आवळेसाहेब कॅनडात आले आणि प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ मैदानी प्रदेशातल्या, एका लहान गावात त्यांना सांभाळायला चर्चची मंडळी मिळाली. तिथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रूथबाईंनी पुष्कळ वर्षे काढली. पुढे त्या प्रांताच्या राजधानीत बदली झाली आणि तिथल्या विधानसभेचे चॅप्लेन म्हणून त्यांना बोलावणे आले. चॅप्लेन म्हणजे सभागृहाचे पाळक. कामकाज सुरू होण्याआधी ते प्रार्थना म्हणत. राजदंड घेऊन अध्यक्षांची छोटी मिरवणूक आत यायची, सगळे उभे राहायचे आणि मिरजेचा एक माणूस दोन मिनिटे बोलायचा.

हे ऐकल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा, की प्रार्थना सत्ताधाऱ्यांसाठी करायची की विरोधकांसाठी? ते म्हणाले, “दोघांच्या पाठीसाठी. तिथली बाकं फार वाईट आहेत.”

थट्टा झाल्यावर मात्र त्यांनी आपली कामाची पद्धत नीट सांगितली. सकाळी सभागृह रिकामे असताना ते लिहिलेली प्रार्थना घेऊन आत जात. एका बाजूच्या बाकावर बसून ती हळू वाचत, मग समोरच्या बाजूच्या बाकावर बसून पुन्हा वाचत. इथे बसणाऱ्या माणसाला खोटा वाटेल असा एखादा शब्द यात आहे का, हे ते बघत. तसा शब्द सापडला की काढून टाकत.

प्रार्थना संपेपर्यंत बाहेरच्या पॅसेजमध्ये उभे राहणारे एक नास्तिक सदस्य होते. आवळेसाहेबांनी त्यांना आत या असे कधी म्हटले नाही. फक्त एकदा विचारले, की नेमका कोणता शब्द तुम्हाला अडवतो? ‘देव’ हा शब्द ते सांगतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ते सदस्य म्हणाले, देव तुमचा तुम्हाला लखलाभ. पण तुम्ही ‘आम्ही सर्व’ म्हणता आणि त्या ‘सर्व’मध्ये मला न विचारता घालता, ते मला चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो ‘सर्व’ प्रार्थनेतून गेला.

“मग ते आत यायला लागले का?” मी विचारले.

“नाही. बाहेरच उभे राहायचे.”

“मग उपयोग काय झाला?”

“माझी प्रार्थना खरी झाली ना,” ते म्हणाले.

प्रार्थना दोन मिनिटांची, मग बाकी दिवस चॅप्लेन काय करतो, हेही मी विचारले. बाकी दिवस कँटीनमधल्या बायका, सुरक्षारक्षक, टंकलेखक आणि सदस्य यांच्यात जायचा. निवडणुकीच्या निकालानंतर सगळे जिंकलेल्यांकडे जात, तेव्हा आवळेसाहेब हरलेल्यांच्या ऑफिसात जात. त्या लोकांना खोली रिकामी करायची असते. अशा माणसाला धीर द्यायला काय म्हणता, असे मी विचारले. ते म्हणाले, “काही नाही. ते खोकी भरतात, मी टेप धरतो.”

निवृत्तीनंतर ते दोघे मुलाजवळ राहायला व्हिटबीला आले आणि तिथल्या लहान मंडळीचे काम बघू लागले. आमच्या लोकांना त्यांचा उपयोग किती झाला, हे सांगणे कठीण आहे. नव्याने आलेल्यांना विंटर टायर्स कुठून घ्यायचे इथपासून, बर्फ शोव्हल करताना, म्हणजे फावड्याने उपसताना, कंबर न वाकवता गुडघे कसे वाकवायचे इथपर्यंत सगळे त्यांनी शिकवले आहे. पण ज्या कारणासाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे, ते कारण माझ्या घरातले आहे.

वैशाली आजारी पडली आणि आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. काही दिवस तिला कोणीच भेटायला नको होते. मग एके दिवशी तीच म्हणाली, “त्या आवळेसाहेबांना बोलवा. ते नातेवाईक नाहीत आणि त्यांच्यासमोर मराठीत रडता येईल.”

ते येऊ लागले. व्हिटबीहून मिल्टन म्हणजे सगळे टोरांटो ओलांडून यायचे, तेही भर हिवाळ्यात. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन विचारले, की हे पाद्रीबुवा वहिनींना ख्रिस्ती तर करत नाहीत ना? मी ते वैशालीला सांगितले. ती हसली. “उलट मीच त्यांना पंचशील शिकवून राहिली. चौथ्यावर अडकलेत.” चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. नुसते गप्प राहिले तर ते खोटे धरायचे का, असे ते तिला विचारत होते म्हणे.

आमची मुलगी मित्रा तेव्हा दुसऱ्या गावी युनिव्हर्सिटीत होती. तिची परीक्षा चालू होती. वैशालीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तिने हॉस्पिटलमध्ये आईला फोन केला, तेव्हा मी औषधांच्या चौकशीसाठी खाली गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली गेली.

अंत्यसंस्काराला आवळेसाहेब पाळकाची गळ्यातली पांढरी पट्टी न लावता आले आणि मागच्या रांगेत बसले. तुम्हीही चार शब्द बोला, असा आमच्या लोकांनी आग्रह केला. ते म्हणाले, “वैशालीताईंचं जे आहे ते तुम्ही म्हणा. मी ऐकतो.” त्रिशरण आणि पंचशील होईपर्यंत ते हात जोडून उभे होते.

त्यानंतर मित्रा माझ्याशी बोलेनाशी झाली. घरी असली तर जेवण वर घेऊन जायची. मी मराठीत विचारले की इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायची आणि पुढे तेही बंद झाले. एकदाच जिन्यात उभी राहून ती म्हणाली, “यू लेट हर थिंक शी वॉज कमिंग होम.” आपण घरी परत येणार, अशा समजुतीत मी वैशालीला राहू दिले, असा मित्राचा आरोप होता. मला त्याचा उगमच कळेना. वैशालीला सगळे माहीत होते. कोणती साडी नेसवायची तेसुद्धा तिने मला सांगितले होते. मी मित्राला तसे म्हणालो, पण तिला ते खरे वाटले नाही. युनिव्हर्सिटी सोडून व्हँकूव्हरला मैत्रिणीकडे जायचे तिने ठरवले आणि बॅगही भरली. बायको गेली होती. आता मुलगीही जाणार, हे मला दिसत होते.

त्या आठवड्यात आवळेसाहेब रूथबाईंनी दिलेला डबा घेऊन आले. त्यांच्याशी मित्रा बोलायची. चहा करायला ती खाली आली आणि ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. मी सिंकपाशी भांडी धूत होतो. तिने त्यांना इंग्रजीत तेच सांगितले. परीक्षा सोडून येऊ का, असे तिने आईला फोनवर विचारले होते. आई म्हणाली, पेपर दे. आणि मग म्हणाली, की मीच येतेय. म्हणून ती थांबली. आईला कोणी खरे सांगितले असते, तर आईने तिला बोलावून घेतले असते.

आवळेसाहेबांनी विचारले, “आई हे इंग्रजीत म्हणाली की मराठीत?”

“मराठी.”

“नेमका शब्द काय होता?”

“येते बाळा.”

“‘घरी येते’ म्हणाली?”

“नो. जस्ट, येते बाळा. आणि फोन ठेवला.”

मी नळ बंद केला. इतके दिवस ते वाक्य मी फक्त इंग्रजीत ऐकले होते.

आवळेसाहेब म्हणाले, “मित्रा, मी तुमच्या घरून निघतो तेव्हा दारात काय म्हणतो?”

“येतो,” ती म्हणाली.

“आणि मग कुठं जातो?”

“व्हिटबी.”

आवळेसाहेबांनी तिला सांगितले, की आपल्याकडे निरोप घेताना ‘जाते’ म्हणत नाहीत. जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. पुढे ते जे म्हणाले, ते मी कधीच विसरणार नाही. ते म्हणाले, “तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. शब्दाचा अर्थ माहीत आहे, तेवढाच सांगतो.”

दुसरा कोणी असता तर त्या मुलीच्या समाधानासाठी आणखी चार गोष्टी बोलला असता. ते बोलले नाहीत, म्हणूनच तिला ते पटले, असे मला वाटते. ती माझ्याकडे वळली आणि खूप दिवसांनी मला म्हणाली, “बाबा, तिला माहीत होतं?”

मी हो म्हणालो.

“मग ती मला बाय म्हणत होती.”

ती रडू लागली आणि मी ओल्या हातांनीच तिच्याजवळ जाऊन बसलो. आवळेसाहेबांनी उठून आमचा चहा गाळला, स्वतःचा न घेता कोट चढवला आणि निघाले. मित्रा व्हँकूव्हरला गेली नाही.

आता ती नोकरी करते आणि आठवड्याच्या शेवटी घरी येते. माझ्याशी मराठी बोलते. लिंगाच्या चुका पुष्कळ करते, मी दुरुस्त करत नाही. जेवताना आम्ही कधीकधी एका गोष्टीचा अंदाज बांधत बसतो. आवळेसाहेब यायचे तेव्हा वैशाली मला खोलीबाहेर पाठवून दार लावून घ्यायची. आत ती त्यांच्याशी काय बोलत असे? मित्राचे म्हणणे असे, की आई तुमच्या ड्रायव्हिंगबद्दल तक्रार करत असणार. मला वाटते, ती आम्हा दोघांबद्दल बोलत असावी. या माणसाला मी आजवर शेकडो प्रश्न विचारले आहेत; हा एक विचारलेला नाही. विचारला तरी ते सांगणार नाहीत, याची आम्हा दोघांना खात्री आहे.

वैशालीचे बोलणे असे थोडे तरी त्यांच्याजवळ जपलेले आहे. ते त्यांच्याजवळच राहावे. आणि आवळेसाहेबांना, रूथबाईंच्या सोबतीने, चांगल्या प्रकृतीची खूप खूप वर्षे लाभावीत, असे मी आणि मित्रा मनापासून इच्छितो.