गोठ्यातली अमेरिका

हा गुन्हा मी विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. त्यासाठी मला वरून जे ऐकून घ्यावं लागलं, तेही विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर लोक विचारतात, साहेब, तुमचा सगळ्यात मोठा तपास कोणता? खून आणि दरोडे मी पुष्कळ उघडकीस आणले. तरी मी हाच सांगतो. एका मोडक्या मोटारीच्या सुट्या भागांच्या चोरीचा.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यात एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सेलूकडून देवगाव फाट्याकडे जाताना लागणारी काही गावं आमच्या हद्दीत होती. रथसप्तमी होऊन गेली होती. सकाळची हजेरी आटोपली, ठाणे अंमलदार डायरी लिहायला बसला आणि कडक इस्त्रीतला एक गृहस्थ आत आला. गावातला बडा शेतकरी. फिर्याद द्यायची म्हणाला.

फिर्याद अशी. त्याच्या वडिलांनी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून जुन्या काळी अमेरिकन मोटार घेतली होती. गावात तिला सगळे 'अमेरिका'च म्हणत. ती वर्षानुवर्षं गोठ्यात उभी होती. आता शहरातला एक शौकीन खरेदीदार ती घेणार होता. त्याला दाखवायला याने गोठ्याचं कुलूप काढलं, तर आत नुसता सांगाडा. दिवे, हॉर्न, स्टिअरिंग, कार्ब्युरेटर, चाकांच्या चकचकीत टोप्या, सगळं गायब.

"कोणावर संशय?"

"माज्या भावजयीवर. थोरला भाऊ गेला माजा गेल्या साली. विधवा बाई हाय. तिला उचला सायेब, सांजच्याला सगळा माल भायेर येतो."

'तिला उचला' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. कोणाला उचलायचं ते मी ठरवतो, फिर्यादी नाही. पण गुन्हा दखलपात्र, तो नोंदवणं भाग होतं. तेव्हा भारतीय दंड संहिताच लागू होती. घरातल्या चोरीचं कलम ३८० लावलं, तपास स्वतःकडे ठेवला आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याला निघालो. सोबत आमची एक महिला शिपाई घेतली. बोरी गावची मुलगी. नवरा पोलिसात होता, अपघातात गेला, त्याच्या जागी अनुकंपावर ही लागली होती. कमी बोलायची, पण डोळे उघडे असायचे.

गोठ्यात ती मोटार मी पहिल्यांदा पाहिली. लांबलचक नाक, पुढे तिघं आरामात बसतील एवढा अखंड सोफा. अंगावरचा पत्रा घासूनपुसून नव्याने रंगवलेला. कोणीतरी या गाडीवर जीव लावला होता हे कळायला पोलीस असायची गरज नव्हती.

गोठ्याच्या पुढच्या दाराचं कुलूप शाबूत. आत एकही ओरखडा नाही. वायर कुठेही तोडलेली नाही, टोकांना चिंधी गुंडाळून ठेवलेली. भाग काढून घेतला, की त्याचे स्क्रू परत त्याच भोकात बसवलेले. चोर घाईत असतो. पत्रा फाडतो, पाना सापडला नाही तर पहार घालतो. स्क्रू जागेवर लावून जाणारा चोर मी नोकरीत पाहिला नव्हता.

तरी रिवाजाप्रमाणे भंगारवाल्यांकडे चौकशी केली. देवगाव फाट्यावरचा भंगारवाला हसायलाच लागला. "साब, ऐसा माल मेरे पास आता तो मैं छुपाता? दुकान के सामने टांगता." खरंच होतं त्याचं.

चार दिवसांनी खबर लागली. आमचा खबरी त्याच गावचा न्हावी. "सायेब, आमच्या आळीत एका घरी देवापुडं मोटारीचा दिवा ठिवलाय. अन् शेजारच्या घरात त्या चाकाच्या टोपीत पीठ मळायलेत."

आम्ही गेलो. चुलीपुढे एक धिप्पाड बाई खरोखरच त्या टोपीत ज्वारीचं पीठ मळत होती. मला पाहून उठली नाही. पदर तेवढा सारखा केला.

"हे कुठून आणलं?"

"वाण हाय, सायेब. संक्रांतीचं."

"कोणी दिलं?"

"थोरल्या वैनीनं. हळदीकुकू केलं तिनं."

माझ्या मागे उभी असलेली महिला शिपाई हळूच म्हणाली, "सर, त्या विधवा आहेत ना? त्या वाण कसं देतील?"

चुलीपुढच्या बाईने तिच्याकडे नीट बघितलं. "देलं. तिनं बोलावलं, आमी गेलो. कुनाला इचारून जायचं व्हतं?"

त्या आळीत मी घरोघर फिरलो. एका घरी हॉर्न, एका घरी स्टिअरिंग, एका घरी कार्ब्युरेटर हळदीकुंकू लावून कोनाड्यात ठेवलेला. प्रत्येक घरी उत्तर एकच, वाण हाय. पढवलेला साक्षीदार एका ठराविक जागी अडखळतो. यांच्यात कोणी अडखळेना. उलट मलाच चहाचा आग्रह.

बाईचा जबाब ठाण्यात बोलावून घ्यायचा नसतो, तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यायचा, असा कायदा आहे. तो पुष्कळांना अडचणीचा वाटतो. मी महिला शिपायाला घेऊन थोरल्या वहिनींच्या ओसरीवर जाऊन बसलो. पन्नाशीची बाई. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत.

"तुम्ही गाडीचे भाग चोरले अशी फिर्याद आहे."

"चोरले? दारात रांगोळी घातली, मांडव टाकला, घरोघर आवतन देलं. चोर आवतन देतो का सायेब?"

"मग हे सगळं काय आहे?"

मग तिने सांगितलं. भावांची वाटणी झाली तेव्हा मोटारीत कोंबड्या अंडी घालत होत्या. धाकटा म्हणाला, बैलजोडी मला, हे भंगार दादाला. दादाने हसून घेतलं. त्या वेळी गाडीत अर्धे भागही नव्हते. सासऱ्यांच्या हयातीतच कोणी दिवा मागून नेला होता, कोणी हॉर्न. नवराबायकोने ते हुडकायला सुरुवात केली. "मालक बाजार हिंडायचे, मी बायांना इचारायची. बाया सांगायच्या, माज्या म्हायेरी असलं झाकन रांजनावर हाय, माज्या मामाच्या उसाच्या गाडीला असला भोंगा हाय. असं करत बारा गावं हिंडून गाडी भरत आणली. डाव्या दिव्याची काच तेवढी गावली न्हाई. ती हुडकता हुडकता मालक गेले."

महिला शिपायाने लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, "कशी होती काच?"

"उजवीसारखीच. उभ्या रेघांची, मधी चांदणी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मालकाचं वरीस सरंना, तवर दीर गिऱ्हाईक घेऊन आला. गाडी बापाची हाय म्हनला अन् कुलूप घातलं. मी म्हनलं, घाल. कुलूप म्होरल्या दाराला हाय, मागचा पत्रा माज्या अंगनात उघडतो. गिऱ्हाइकाला गाडी पुरी पायजे व्हती. मी ती पुरी ठिवलीच न्हाई. जिच्याकडून जे आलं, ते तिला वाण देलं."

"ठाण्यात का आला नाहीत?"

"आले असते तर तुमी काय म्हनले असते? वाद दिवानी हाय, कोर्टात जा."

आम्ही नेमकं हेच म्हणतो. मी पाणी प्यायलो.

"आता ते वाण हाय," ती म्हणाली. "वाण कुनालाच माघारी मागता येत न्हाई. मला न्हाई, दिराला न्हाई, तुमाला बी न्हाई. मला न्यायचं तर न्या."

मी तिला नेलं नाही. भागांचा जप्ती पंचनामा केला आणि ज्या घरात जे होतं ते सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची सही घेऊन, तिथेच ठेवलं. ठाण्याच्या आवारात पडलेल्या वाहनांचं काय होतं ते मला माहीत आहे, आणि ही गाडी मला तशी गंजू द्यायची नव्हती.

मग फोन सुरू झाले. पहिला एका पुढाऱ्याचा. "बाईला अटक दाखवा. आपला माणूस आहे."

मी म्हणालो, "अटकेचं कारण मला कोर्टाला लेखी द्यावं लागतं. तुमचं नाव लिहू का?"

फोन बंद झाला. दुसरा वरून आला. त्यात बदलीचा उल्लेख होता. मी सांगितलं, साहेब, माझी बॅग लहान आहे, पटकन भरते. निवृत्ती तोंडावर आली होती आणि जन्मभर ऐकून घेतलेल्या 'उचला'चा मला वीट आला होता. मला राग आला होता, आणि तो राग आजही मला योग्यच वाटतो.

फिर्यादीला ठाण्यात बोलावलं. समोर बसवलं, चहा दिला. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पाहिलेत. त्याने समोरचा माणूस सावध होतो, बाकी काही होत नाही. मी एकेक वस्तू घेत गेलो.

"हॉर्न तुमच्या वडिलांच्या काळातला?"

"हो."

"तो शेजारणीच्या मामाच्या ऊसगाडीला होता. मामाचा जबाब आहे. थोरल्या भावाने वाटणीनंतर तो मागून आणला. स्टिअरिंग?"

त्याने कप उचलला.

"चाकाची टोपी? कार्ब्युरेटर? जे चोरीला गेलं म्हणता, त्यातलं वाटणीच्या वेळी गाडीत असलेलं एक तरी सांगा. वाटणीला बसलेल्या पंचांनाही मी विचारून आलोय. मोटार कोणाच्या वाट्याला गेली होती?"

त्याने कपातली साय बोटाने बाजूला केली.

"दादाच्याच," तो शेवटी म्हणाला. "पर सायेब, तवा मला कुटं म्हाईत व्हतं, त्येला येवडं गिऱ्हाईक येईल म्हनून? मी भंगार म्हनून देलं व्हतं."

त्याच्याच तोंडचा हा जबाब लिहून घेतला. कोर्टाला 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी असल्याचा शेवटचा अहवाल. 'क' पाठवा, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली म्हणा, प्रकरण मिटवा, असा सल्ला देणारे होतेच. मी 'ब'च पाठवली आणि कोर्टाने ती मंजूर केली. माझी बदलीही झाली. शेवटचे काही महिने मी नियंत्रण कक्षात वायरलेस ऐकत काढले. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढच्या संक्रांतीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. महिला शिपायाचा फोन आला, "सर, गावात यायचंय. आपल्याला बोलावलंय." हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम? मी थोरल्या वहिनींच्या अंगणात बाजेवर बसून राहिलो.

आळीतल्या बाया एकामागून एक आल्या. वाण मागता येत नाही, पण देता येतं. चुलीपुढची ती धिप्पाड बाई पहिली. तिने थोरल्या वहिनींच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि ओटीत चाकाची टोपी घातली. मागोमाग हॉर्न आला, दिवा आला, स्टिअरिंग आलं. ज्या बाईला नवरा गेल्यापासून कोणी वाण दिलं नव्हतं, तिच्यापुढे आख्खी मोटार येऊन पडली. वहिनी ताठ उभ्या होत्या, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

सगळ्यांत शेवटी आमची महिला शिपाई पुढे झाली. वर्दीतच आली होती. पिशवीतून तिने कापडात बांधलेली काच काढली. उभ्या रेघांची, मध्ये चांदणी. बोरीला तिच्या चुलत्याच्या विहिरीवर पंपाच्या खोलीत त्याच काचेचा दिवा तिने लहानपणापासून पाहिला होता. वर्षभर मागे लागून तिने ती काच सोडवून आणली होती.

वहिनींनी काच हातात घेतली. मग करंडा उचलला. शिपाई एक पाऊल मागे सरली. "मला नको, मी पण..."

"म्हाईत हाय मला," वहिनी म्हणाल्या. "हिकडं ये."

आणि तिच्या कपाळावर कुंकू लावलं. मी बाजेवरून उठून उभा राहिलो.

ठाण्यात जो आधी येतो त्याची फिर्याद होते आणि दुसरा आपोआप आरोपी होतो. कागद पहिल्याच्या बाजूने तयार होतो आणि मग सगळं खातं तो कागद खरा करायच्या मागे लागतं. वर्दीतल्या माणसाने तिथे थांबून नाही म्हणायचं असतं. या तपासाने मला हे शिकवलं, आणि नव्या पोरांना मी हेच सांगतो. बदली होते, त्याच्या पलीकडे काही होत नाही.

रथसप्तमीला मी पुन्हा गेलो. सेलूच्या एका मिस्त्रीने आणि वहिनींनी मिळून गाडी जोडली होती. दोन्ही दिवे लागले होते. वहिनी स्वतः स्टिअरिंगवर बसल्या, शेजारी ती धिप्पाड बाई, पलीकडे आमची शिपाई. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. धाकट्या दिराच्या घरावरूनच जायचं ठरलं होतं. मी सवयीने पुढच्या दाराकडे वळलो.

"सायेब, मागं बसा," वहिनी म्हणाल्या. "म्होरं बाया बसतेत."

मी मागे बसलो. त्यांनी दिराच्या दारापुढे गाडी हळू केली आणि उसाच्या गाडीवरचा तो भोंगा जोरात वाजवला.