बेलाईद मास्तरची कबुली

बेलाईदला फ्रेंच आली आणि तिथूनच त्याचं वाटोळं सुरू झालं, असं आमच्या डोंगरात अजून म्हणतात. म्हणणारे तेच, जे सरकारी कागद आला की तो वाचून घ्यायला त्याच्याच दारात धावायचे.

बाप फ्रान्सच्या कोळशाच्या खाणीत गेला आणि तिथेच गाडला गेला. आई दाहबियाने दुसऱ्यांच्या झाडांखालचे ऑलिव्ह वेचून पोराला शाळेत घातलं. शाळेत गोरा मास्तर शिकवायचा की आपले पूर्वज सोनेरी केसांचे होते. बेलाईदने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या आज्याला टक्कल होतं. ते सांग जा त्याला."

पोरगा हुशार निघाला. शिष्यवृत्तीवर राजधानीत, अल्जिअर्सला शिकला आणि मास्तर होऊन परतला. येताना एवढं मात्र पक्कं शिकून आला, की लढाईत मरायचं असेल तेव्हा आपण फ्रेंच, आणि मत द्यायचं असेल तेव्हा आपण कुणीच नाही. हे त्याने एका अर्जात लिहिलं आणि गावोगाव हिंडून त्यावर अंगठे घेतले. बक्षीस म्हणून फ्रेंच सरकारने त्याला दोन वर्षं वाळवंटाच्या कडेला, चार पोरांच्या शाळेवर सडवलं. तो सुटून गावच्या शाळेवर आला तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि कणग्या रिकाम्या होत्या.

जव संपले. मग लोकांनी ओकची बोंडं दळली. तीही संपल्यावर रानातली विषारी मुळं तीन-तीन पाण्यांत उकळून खायला लागले. बेलाईदने अल्जिअर्सच्या एका वर्तमानपत्रात हे सगळं लिहून पाठवलं. एका घरातला लंगडा म्हातारा आतून कडी लावून सुनेला मुळं शिजवायला लावतो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून धुराड्यावर ओली गोणी टाकतो, असंही लिहिलं. नाव घातलं नाही. पण गावात लंगडा म्हातारा एकच होता, जमातीचा, म्हणजे आमच्या गावपंचायतीचा, प्रमुख दा कासी. एवढी शिकलेली अक्कल, आणि तो पाय काही त्याला गाळता आला नाही!

बाजारगावाहून काइदचा कारकून पेपर घेऊन आला आणि त्याने तो जमातीत वाचून दाखवला. काइद म्हणजे सरकारने आमच्या डोक्यावर बसवलेला आमचाच माणूस.

"माझ्या घरात काय शिजतं ते तू गोऱ्यांना सांगितलंस?" दा कासीने विचारलं.

"दा, मी भूक लिहिली. तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"माझा पाय आहे ना!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि त्या हसण्यानेच निकाल लागला. बेलाईदचं घर वाळीत. सलाम नाही, विस्तव नाही, मयताला खांदा नाही. जमातीपुढे उभं राहून 'मी खोटं लिहिलं' म्हणेपर्यंत.

"खरं आहे ते खोटं म्हणणार नाही," बेलाईद म्हणाला आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात आपली बदनामी केली म्हणून सरकारने त्याला शाळेतून काढलं. सरकारचं आणि गावाचं इतकं एकमत आमच्या डोंगरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

पण लेखाने काम केलं होतं. संपादकाचं पत्र आलं, की वाचकांनी मदत गोळा केली आहे, सरकारी चौकशीत मजकूर खरा ठरला की दर महिन्याला जवांचा एक ट्रक गावाला मिळेल. बेलाईद दिवस मोजू लागला. तेवढ्यात आईने अंथरूण धरलं.

"तू लिहिलंस ते खरंच आहे," ती म्हणाली. "मीही तीच मुळं खाल्ली."

"मग झालं तर, यम्मा."

"काय झालं? मला खांदा कोण देणार? तुझं वर्तमानपत्र?"

"जव आले की सगळे येतील."

"बरं. तोवर थांबते म्हणून देवाला कळवून टाक. तुझी फ्रेंच चांगली आहे."

गुरुवारी पहाटे ती गेली. अंघोळ घालायला एक बाई फिरकली नाही. शेजारच्या चुलीवर पाणी तापत होतं, पण दार बंद होतं. उन्हं अंगणात आली तसा बेलाईद उठला आणि जमातीपुढे जाऊन उभा राहिला.

"मी लिहिलं ते खोटं होतं."

आठवडाभर त्याच कबुलीसाठी ठाण मांडून बसलेल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. "फ्रेंचमध्ये. सहीनिशी."

बेलाईद दा कासीकडे वळला. "दा, तोंडाने हजारदा म्हणतो. पण हा कागद वर गेला तर जव येणार नाहीत. घराघरात पोरं आहेत."

"आमचं कापलेलं नाक आधी परत दे. जवांचं मग बघू."

बेलाईदने चार ओळी लिहून सही केली.

अख्खा गाव लोटला. बायांनी दाहबियाला न्हाऊ घातलं, ऊर बडवले. पहिला खांदा दा कासीने दिला, लंगडत, चढणीवर धापा टाकत. दफन झाल्यावर एकेकाने बेलाईदला मिठी मारली. त्याला त्या मिठ्यांची शिसारी आली, आणि आई एकटी गेली नाही म्हणून बरंही वाटलं. दोन्हींची त्याला लाज वाटली.

जवांचा ट्रक आमच्या डोंगराखालून पलीकडच्या खोऱ्यात गेला. वसंत येईपर्यंत गावाने तीन पोरं पुरली. तिसरा दा कासीचा नातू. तिसऱ्या दिवशी म्हातारा बेलाईदच्या दारात आला, आत येऊन जमिनीवर बसला.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"सगळं. मुळं लिही, पाय लिही. माझं नाव घाल, पोराचं नाव घाल. मी अंगठा देतो."

बेलाईदने पेटीतून एक पत्र काढलं. पहिलं पोर गेलं तेव्हाच त्याने लिहून पाठवलं होतं, त्याला संपादकाचं उत्तर. दा कासीला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्याने ते आपल्या बोलीत वाचून दाखवलं. 'आपलं लिखाण खोटं असल्याची ज्याने स्वतःच्या सहीने कबुली दिली आहे, त्याचा मजकूर आम्हाला यापुढे छापता येणार नाही.'

म्हाताऱ्याने कागद बाजूला सारला.

"मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ."

"गावात दुसऱ्या कुणाला लिहिता येतं, दा?"