गोड लागलं का?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तसा मी बडबड्या माणूस, पोटात काही राहत नाही माझ्या, पण हे एवढं मात्र राहिलं. तुम्हाला सांगतो. हसू आलं तर हसून घ्या.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी गोळ्यांच्या विभागात होतो. शेजारच्या टेबलावर मनीषा — आता माझी बायको, तेव्हा नुसती सहकारी — नाकात मारायच्या स्प्रेवर काम करायची. नाकातून औषध झटकन रक्तात जातं खरं. पण नाक आत आलेलं काही फार वेळ ठेवून घेत नाही, मागे घशाकडे ढकलत राहतं. पातळ औषध मुरायच्या आत घशात उतरतं. घट्ट करावं, तर बाटलीतून नीट फवारत नाही.

मनीषाने मधला रस्ता काढलेला. बाटलीत पाण्यासारखं, आणि नाकातल्या उबेने आळून जेल होणारं — गॅसवर पिठलं आळतं तसं. काय खूश होती!

ते खरंच टिकतं का, हे आधी आपसात बघायचं होतं. औषध न घालता, नुसतं सॅकरीन घालून नाकात सोडायचं. घशाशी पोचलं की गोड लागतं. जितकं उशिरा गोड, तितका औषधाला मुरायला वेळ. आता नाक कोणाचं? मी माझं पुढे केलं. तिच्यावर छाप पाडायची होती, दुसरं काय!

शिंकायचं नाही, खायचं नाही, नाक ओढायचं नाही. ती घड्याळ धरून समोर. मधूनमधून विचारायची, "गोड लागलं का रे?" नाही. अजून नाही. आणि तेवढ्यात कॅन्टीनमधून मिसळीचा वास आला — एक नाकपुडी मोकळी होती ना! उशिरा गेलं की नुसता रस्सा उरायचा. मी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि —

"लागलं," म्हणालो.

कसलं लागलं? काहीही लागलं नव्हतं.

तिचा चेहरा पडला. दुसरं एखादं नाक बघावं, असंही तिच्या मनात आलं नाही. मी खोटं कशाला बोलेन? मी जाऊन मिसळ हाणली. आणि — हे सांगतानाच जीभ अडखळते — ताट संपत आलं तेव्हा तीच झणझणीत मिसळ एकदम गोड लागायला लागली. तेव्हा उठून तिच्याकडे जाता आलं असतं. लाज वाटली. मी पाव मागवला.

पुढे साहेबांनी तिला साधाच स्प्रे करायला लावला. ती वाद न घालता "हो" म्हणाली. नंतर तिने आपणहून कागदपत्रांच्या विभागात बदली मागून घेतली. अजून तिथेच आहे.

मध्यंतरी ठाण्याहून तिची भाची आलेली. फार्मसीला आहे. तिने विचारलं, "मावशी, तू लॅब का सोडलीस गं?"

मनीषा हसत म्हणाली, "अगं, मला वाटायचं मला यातलं कळतं. तुझ्या काकांच्या नाकाने शहाणं केलं."

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

तिला यातलं खरंच कळत होतं. तिचं जेल टिकलं होतं — आणि हे फक्त मला माहीत आहे, तिलाही नाही.